वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती वेळात पोचते?

पत्र :

ताई, मी घाटकोपरला राहते. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून आठ वर्षं एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मुंबई-ठाण्याच्या कलेक्शन सेंटरवरून सॅम्पल्स आमच्याकडे येतात आणि रात्रभर मशिनं चालू असतात. जूनमध्ये मला रात्रपाळीची टीम लीडर केलं. माझ्या पाळीत अकरा जण आहेत. त्यातल्या सात जणांबरोबर मी कालपर्यंत डबा वाटून खात होते, आता मी पॅन्ट्रीत गेले की बोलणं थांबतं. वीस वर्षं नोकरी झालेले एक काका आहेत. मला मशीन चालवायला त्यांनीच शिकवलं. त्यांना डावलून मला पद दिलं असं सगळ्यांना वाटतं, खरं तर मलाही वाटतं. काम बिघडू नये म्हणून निम्मं काम मीच करते आणि सकाळी घरी जाऊन आडवी होते.

ऑगस्टमध्ये एका रात्री पावसानं गाड्या रखडल्या. कल्याणकडच्या एका सेंटरचा बॉक्स घेऊन येणारा रनर पाच तास उशिरा, मध्यरात्री पोचला. नळ्या बर्फात होत्या, पण सेंटरवर सेंट्रिफ्यूज न करताच, म्हणजे मशिनमध्ये गरगर फिरवून रक्तातलं सीरम वेगळं न करताच, पाठवलेल्या. सॅम्पल उतरवून घेणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या हे लक्षात आलं होतं, तरी त्यानं बारकोड स्कॅन करून नळ्या पुढे सरकवल्या. सहाच्या सहा जणांचं पोटॅशियम वाढलेलं आलं. एका आजोबांचा आकडा इतका वर होता की पहाटे त्यांच्या घरी फोन गेला, आणि मुलानं त्यांना रिक्षात घालून कॅज्युअल्टीत नेलं. सकाळी आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांच्या ध्यानात आलं की सहाही नळ्या एकाच सेंटरच्या आहेत. परत रक्त घेतलं तर सगळ्यांचं नॉर्मल. मी त्या मुलाला विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, ‘मॅडम, भीती वाटली.’ दोनच दिवसांपूर्वी मी एका मुलीला सगळ्यांसमोर ओरडले होते. ‘एवढंही कळत नसेल तर घरी बस’ असं बोलले होते.

यानंतर मला नेतृत्वगुणांच्या कार्यशाळेला पाठवलं. दूरदृष्टी, आत्मविश्वास, निर्णयक्षमता, संवादकौशल्य अशी बारा गुणांची यादी हातात दिली. त्यातला एकही गुण मला माझ्यात दिसत नाही. पद सोडून पुन्हा साधी टेक्निशियन होऊ का?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर :

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ‘तू’ म्हणते आहे, कारण माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची आहे. मी चौतीस वर्षं मुंबईतल्याच एका मोठ्या रुग्णालयात नर्सिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची वीस इन्चार्ज सिस्टर म्हणून. त्यामुळे त्या नळ्या, ती पावसाची रात्र आणि त्या पोराचा चेहरा, सगळं मला दिसतंय.

आधी ती यादी बाजूला ठेव. बाराही गुण अंगी असलेला माणूस मला इतक्या वर्षांत भेटला नाही. ज्यांच्या हाताखाली मी जीव ओतून काम केलं, अशा दोन इन्चार्ज सिस्टर होत्या. एक चारचौघांत बोलायला लाजायच्या. दुसऱ्या कुठलाही निर्णय घ्यायला इतका वेळ लावायच्या की आम्ही तरुण पोरी कंटाळायचो. कार्यशाळेत दोघीही नापास झाल्या असत्या. पण दोघींच्या वॉर्डात एक गोष्ट अगदी सारखी होती. चूक झाली की ती सगळ्यांत आधी त्यांच्या कानावर जायची. डॉक्टरांच्या आधी, मेट्रनच्या आधी, नातेवाइकांच्या तर कितीतरी आधी. हातून काही बिघडलं की सिस्टरकडे धाव घ्यायची हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पाय आपोआप तिकडे वळायचे. आज कुणी मला चांगल्या टीम लीडरची खूण विचारली तर मी एवढंच विचारते : वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती वेळात पोचते?

त्या रात्रीचा हिशेब करून बघ. रनर मध्यरात्री आला. त्या मुलाला तेव्हाच कळलं. तुला कळलं सकाळी, समज सातला. सात तास. आणि त्या सात तासांत तू त्याच हॉलमध्ये, त्याच्यापासून वीस फुटांवर असशील.

त्याला काय कळलं होतं, तेही नीट बघ. रक्त फिरवून त्यातला पातळ भाग, म्हणजे सीरम, वेगळा केला नाही तर तांबड्या पेशींतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं. पेशी ते आत धरून ठेवतात त्यालाही शक्ती लागते, आणि गारठ्यात ते काम मंदावतं. म्हणून न फिरवलेली नळी बर्फात ठेवली तर आकडा आणखीच फुगतो. रोग्याला काही झालेलं नसतं, सगळा खेळ नळीतला. बर्फात ठेवलं म्हणजे सुरक्षित, असं भल्याभल्यांना वाटतं. तुझ्या पोराला मात्र हे ठाऊक होतं. म्हणजे त्याला ज्ञान होतं, त्याचं कामाकडे लक्ष होतं, आणि भीती वाटली असं तोंडावर सांगण्याइतका तो सरळही आहे. अडलं ते वीस फूट चालून येण्यावर. ती वीस फूट तू तयार केलीस, आणि कमीही तूच करू शकतेस.

मीसुद्धा असं अंतर तयार केलं होतं. इन्चार्ज होऊन दोन महिने झाले असतील. सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डचा ताबा घेताना, एका नव्या स्टाफ नर्सला मी झापलं. चार्टवर एक नोंद राहिली होती, कारण एवढंच. विद्यार्थिनी रांगेनं उभ्या होत्या, वॉर्डबॉय उभा होता, पेशंट ऐकत होते. तिचे लाल झालेले कान मला अजून आठवतात. पुढच्या आठवड्यात तिची दुपारची पाळी होती आणि मी कामासाठी मागे थांबले होते. तिनं संध्याकाळी सातला एका बाईंना इन्सुलिन दिलं, रोजच्यासारखं, कारण जेवणाची ट्रॉली सव्वासातला येते. त्या दिवशी किचनमध्ये काहीतरी बिघडलं आणि ट्रॉली आलीच नाही. साडेसात झाले, पावणेआठ झाले. तिला कळत होतं की इन्सुलिन पोटात अन्न असो-नसो आपलं काम करणार. मी शेजारच्या खोलीत रजेचे कागद भरत बसले होते. आठच्या सुमाराला त्या बाई घामानं डबडबल्या आणि बरळायला लागल्या. शिरेतून ग्लुकोज गेलं, थोड्या वेळात त्या सावरल्या आणि चहा मागू लागल्या. निभावलं. मी त्या पोरीला विचारलं, अगं, मला हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, ‘तुम्ही म्हणाला असता, ट्रॉली यायच्या आधी इन्सुलिन दिलंसच कशाला.’

आणि मी तसंच म्हणाले असते. ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. त्या रात्री लोकलमध्ये खिडकीकडे तोंड करून मी दादर येईपर्यंत रडले.

म्हणून पहिलं काम हे कर. पुढच्या पाळीला सगळे जमले की मशिनं भरायच्या आधी पाच मिनिटं घे. त्या मुलीची माफी माग. तिला सगळ्यांसमोर बोललीस ना, मग माफीही सगळ्यांसमोर. त्या रात्रीच्या नळ्यांत आपलाही वाटा आहे हे सांग. आणि सांग की यापुढे कुठलीही नळी खटकली तर काम थांबवायचं आणि मला हाक मारायची, उशिराचं उत्तर वर मी देईन. या बोलण्यात ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नकोस. ‘मी ओरडले, पण तुम्हीसुद्धा...’ इतकं जरी तोंडून गेलं तरी माफी तिथंच संपते. भाषण नीट जमायला हवं असंही काही नाही. आवाज कापला तरी चालेल, माझा कापला होता.

त्यानंतर लोक तुझी परीक्षा घेतील. मुद्दाम नव्हे, माणसाचा स्वभावच तसा आहे. कुणीतरी एखादी बारीकशी चूक घेऊन येईल : नळी हातातून पडून फुटली, स्टिकर चुकीचा लागला, सॅम्पल पुरेसं नव्हतं. बाकीचे मान खाली घालून काम करत असतील आणि कान तुझ्याकडे असतील. ते पहिले दहा सेकंद फार मोलाचे. कपाळाला आठी पडली, सुस्कारा सुटला, डोळे फिरले, तर तुझी माफी वाया गेली. ‘बरं झालं लगेच सांगितलंस. आता काय करू या?’ एवढंच म्हण. ‘का केलंस?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेव, आणि तेव्हाही ‘कुणी केलं’ यापेक्षा ‘काय घडलं’ असं विचार. कुणी केलं विचारलं की माणसं अंग चोरतात. काय घडलं विचारलं की गोष्ट सांगायला लागतात, आणि कारण गोष्टीतच सापडतं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या नर्सिंग टीमचा अभ्यास केला. औषधं देताना कुठल्या टीमकडून किती चुका होतात ते त्या पाहत होत्या. चांगली टीम म्हणजे कमी चुका, हा त्यांचा अंदाज. आकडे हाती आले ते उलटे. ज्या टीम चांगल्या, ज्यांच्यात एकमेकांवर भरवसा, त्यांच्याच नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. बाकीकडे त्या पोटात राहत होत्या. पुढे त्यांनी याला मानसिक सुरक्षितता म्हटलं आणि १९९९मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला, आज जगभर त्याचे दाखले देतात. मला ते वाचून आमच्या त्या लाजऱ्या सिस्टर आठवल्या. यातून तुझ्या कामाचं एक सांगते. तू नीट वागायला लागलीस की दोन महिने तुझं चुकांचं रजिस्टर फुगणार आहे. वरच्यांना वाटेल, हिला पद दिलं आणि पाळी बिघडली. म्हणून आजच मॅनेजरना भेट आणि सांगून ठेव की नोंदी वाढतील, त्या मी वाढवणार आहे, आणि तीन महिन्यांनी आपण बसून बघू की त्यातल्या किती चुका रिपोर्ट जायच्या आधी पकडल्या गेल्या. हे आधी सांगितलं तर ती योजना ठरते, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

मग काय, सगळं पोटातच घालायचं? मुळीच नाही. चूक वेगळी आणि लबाडी वेगळी. रात्री तीनला डोळा लागला आणि नळीची अदलाबदल झाली, ही चूक. मशीन बरोबर मोजतंय का ते बघायचं कंट्रोल सॅम्पल न लावताच कालच्या तपासणीचे, क्यूसीचे, आकडे आजच्या रकान्यात उतरवले, ही लबाडी, कारण त्या आकड्यांच्या भरवशावर शेकडो माणसांचे रिपोर्ट बाहेर जातात. तिथे एकदाही डोळेझाक करू नकोस. आत बोलाव, दार लाव, स्पष्ट सांग, लेखी दे. आणि तो माणूस तुझी जिवलग मैत्रीण निघाली तरी तेच कर. माझ्यावर ही वेळ एकदाच आली आणि ती मैत्री गेली. वाईट अजून वाटतं, पण मी दुसरं काही करू शकले नसते.

आता ‘निम्मं काम मीच करते’ याविषयी. इथे तुला थोडं कठोर बोलते. तुला वाटतं, आपण राबतो आहोत. त्यांना दिसतं की हिचा आपल्यावर विश्वास नाही. काम मुळीच करू नकोस असंही मी म्हणत नाही. आपल्या डबेवाल्यांचा मुकादम बघ. टोळीची सगळी जबाबदारी त्याच्यावर : डब्यांची वाटणी, वसुली, भांडणं मिटवणं. तरी तो रोज स्वतः डबे उचलतो आणि पोचवतो. म्हणून कुठल्या जिन्यावर किती दम लागतो हे त्याला विचारावं लागत नाही. तूही रोज एखादा तास बेंचवर, सॅम्पलच्या कामाला, बस. पण त्या टोळीत आणखी एक गोष्ट असते, काही माणसं जास्तीची धरलेली. कुणी आजारी पडलं, कुणाची सायकल मोडली तर बदली तयार. तुझ्याकडे बदली कोण आहे? रात्री दोनला तपासणीच्या मशिननं, अ‍ॅनालायझरनं, एरर दिली आणि तू नसलीस तर हात लावायची हिंमत किती जणांना आहे? एक कागद घे, एकेक मशीन, एकेक काम लिही आणि पुढे दोन-दोन नावं लिही, तुझं सोडून. जिथे दुसरं नाव सुचणार नाही तिथे शिकवायला लाग. शिकवताना काम तुझ्या निम्म्या वेगानं होईल, ते सहन कर. मुंबईचा पाऊस आहे बाई, अकरातले सहाच पोचले अशी रात्र यायचीच.

माझ्या वडिलांच्या तोंडून लहानपणी शंभरदा ऐकलेला एक किस्सा सांगते. १९७१ साली ओव्हलवर आपण इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी जिंकलो. कर्णधार अजित वाडेकर, आपले मुंबईचे, स्टेट बँकेतले. जिंकायला १७३ धावा हव्या होत्या आणि शेवटच्या दिवशी सकाळीच वाडेकर धावबाद झाले. सगळा देश रेडिओला कान लावून बसलेला, आणि कर्णधार ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपले. जिंकल्यावर त्यांना उठवावं लागलं. लहानपणी मला वाटायचं, काय हा निष्काळजीपणा! इन्चार्ज झाल्यावर त्याचा अर्थ लागला. आपलं काम करून झालं होतं, पुढची माणसं लायक होती, आणि बाल्कनीत नखं खात बसून त्यांच्या बॅटला काही मदत होणार नव्हती. तू त्या मुलांच्या खांद्यामागे उभी राहतेस तेव्हा त्यांचे हात जास्त थरथरतात, हे कधी पाहिलंस का?

काकांचा विषय मला सगळ्यांत नाजूक वाटतो, आणि त्यातच तुझा सगळ्यांत मोठा ठेवा आहे. त्यासाठी २६ जुलै २००५ची गोष्ट सांगते. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, ते पुढे वाचलं. तेव्हा मला फक्त तळमजल्यावरच्या आमच्या वॉर्डात दारातून आत येणारं तपकिरी पाणी दिसत होतं. लिफ्ट बंद. पेशंट वर पहिल्या मजल्यावर न्यायचे होते. मी जे चालू शकत होते त्यांना आधी काढायला सुरुवात केली, भराभर जागा रिकामी होईल म्हणून. आमच्या वॉर्डच्या एक मावशी होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, शिक्षण चौथी. त्या पदर खोचून माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सिस्टर, चालणारी माणसं अंधारातबी चालतील, घोटाभर पाण्यातबी चालतील. जी उठू शकत नाहीत ती उजेड हाय तवर काढा. मागनं दिवे गेले तर खाटा कोण उचलंल?’ मी क्षणभर थांबले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मावशी सांगतात तसं करा.’ चादरीची चार टोकं धरून आम्ही खाटेवरची माणसं वर नेली. शेवटचा पेशंट जिन्यावर असताना दिवे गेले.

मी तिथे पदानं मोठी होते, पण त्या जिन्याची आणि त्या चादरींची माहिती मावशींना माझ्यापेक्षा जास्त होती. तुझ्या काकांकडेही असं वीस वर्षांचं काहीतरी आहे. मशिनच्या आवाजावरून बिघाड ओळखत असतील, हेमोलाइझ झालेलं, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेलं, सॅम्पल लांबून सांगत असतील. त्यांच्याशी एकदा एकटी बोल, चहा घेऊन, आणि मनातलं सांग : ‘काका, हे पद तुम्हाला मिळायला हवं होतं असं मलाही वाटतं. ते माझ्या हातात नव्हतं. तुमच्याशिवाय मला ही पाळी चालवता येणार नाही.’ त्यांची समजूत काढायचा प्रयत्न करू नकोस. त्यांचं वाईट वाटणं खरं आहे, ते असू दे. मग नव्या पोरांना शिकवायचं काम त्यांच्याकडे सोपव, आणि अडलं की सगळ्यांसमोर त्यांना विचार. मनापासून विचार. नुसता मान द्यायला विचारलंस तर त्यांना ते पहिल्याच दिवशी कळेल.

पॅन्ट्रीत बोलणं थांबतं, ते थांबू दे. हे ऐकून तुला वाईट वाटेल, पण लोकांना लीडरविषयी कुरकुर करायला एक कोपरा लागतोच आणि त्या कोपऱ्यात तुला जागा नाही. त्यांचा जुना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, तर ‘तुम्हाला मोकळं बोलता यावं म्हणून बाहेर पडते’ असं हसून सांग आणि बाहेर पड. रोज त्यांच्यात घुसून जेवण्यापेक्षा आठवड्यातून एक रात्र सगळ्यांसाठी घरून काहीतरी करून ने.

ड्युटी लावण्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी सांगते, कारण माणसं मनातून उतरतात ती बहुतेक वेळा ड्युटीच्या कागदावरून. गणपतीत कोकणातले सगळेच सुट्टी मागणार. ईदला, नाताळला, छठला दुसरे मागणार. कागद महिनाभर आधी भिंतीवर लाव, मागच्या वर्षी कुणी सण सोडला होता ते त्यातच लिही, आणि सगळ्यांत नकोशी रात्र स्वतःच्या नावावर घे. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्यांची लोकल आणि तुझी घाटकोपरची लोकल यांत किती फरक आहे हे लक्षात ठेवून वेळा लाव.

आणि आता त्या रात्रीचं मूळ. तुझ्या पत्रात मुलाची चूक आहे, तुझी चूक आहे, पण कल्याणकडच्या त्या सेंटरविषयी एकच ओळ आहे. रक्त घेतल्यापासून साधारण दोन तासांत सीरम वेगळं व्हावं, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक. मग त्या नळ्या न फिरवता का निघाल्या? तिथलं सेंट्रिफ्यूज बंद होतं का? वीज गेली होती का? की तिथल्या मुलाला ‘आधी बॉक्स पाठव, गाडी चुकेल’ असं बजावलेलं आहे? आणि दर पावसाळ्यात गाड्या थांबतात, मग वाटेत अडकलेल्या रनरनं कुणाला फोन करायचा, कुठल्या जवळच्या सेंटरवर नळ्या फिरवून घ्यायच्या, हे कुठे लिहिलेलं आहे का? तुझ्या पोराच्या हातात त्या नळ्या आल्या तेव्हा त्या आधीच बिघडलेल्या होत्या. हे सगळं तारीख-वेळेसकट लिहून वर दे, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा कर. तेवीस वर्षांच्या मुलाला हे भांडण भांडता येणार नाही. त्याच्या वतीनं वर जाऊन भांडणारं कुणीतरी आहे, हे तुझ्या अकरा जणांना एकदा दिसलं ना, की ती वीस फूट निम्मी कमी झाली समज.

पद सोडू का, असं विचारलंस. आत्ता सोडू नकोस. आत्ता सोडलंस तर तो मुलगा जन्मभर समजेल की आपल्यामुळे मॅडमचं पद गेलं, आणि पुढच्या वेळी तो आणखी गप्प बसेल. सहा महिने दे. सहा महिन्यांनंतरही तुला बेंचवरच बरं वाटत असेल तर खुशाल परत जा. उत्तम टेक्निशियन असणं ही काही कमीपणाची गोष्ट नाही, आणि माणसं सांभाळणं हे सगळ्यांनी करायलाच हवं असं नाही. पण ज्या बाईला स्वतःचं वाक्य शब्दन् शब्द आठवतं आणि ते लाज न लपवता पत्रात लिहिता येतं, तिला हे काम जमेल असं मला मनापासून वाटतं.

एक राहिलं. ते आजोबा. पहाटे रिक्षातून कॅज्युअल्टीत गेलेले. त्यांच्या घरी नंतर कुणी फोन केला का? पत्रात तसं काही दिसलं नाही. डॉक्टरांशी बोलून तू कर. दिवसा कर, आजोबांची झोपेची वेळ सोडून. काय झालं, कसं झालं, आता काय बदललं ते सांग आणि त्यांची तब्येत विचार. फोन करताना त्या मुलाला शेजारी खुर्ची दे. त्यानं बोलायची गरज नाही. तू काय बोलतेस ते त्याला नुसतं ऐकू दे.